घरातले दुसरे उत्पन्नही कोरडवाहू करण्यापूर्वी

पत्र : मी २८ वर्षांचा असून यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात राहतो. तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत चार वर्षे चार महिन्यांपासून लिपिक-रोखपाल म्हणून नोकरी करीत आहे. हातात एकोणीस हजार रुपये पडतात. घरी चार एकर कोरडवाहू शेती आहे. बाबा कपाशी, तूर आणि सोयाबीन घेतात. धाकटी बहीण यवतमाळला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. शाळेत असताना चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा दिल्या होत्या, पण बारावीनंतर चित्रकला शिकायला पाठविण्याची घरची ऐपत नव्हती, म्हणून बी.कॉम. केले. दोन वर्षांपासून रात्री मोबाईलवर व्हिडिओ पाहून शिकतो. व्यक्तिचित्रे, लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर अशी कामे येतात. एखाद्या महिन्यात पाच हजार मिळतात, एखाद्या महिन्यात काहीच नाही. दिवसभर नोटा मोजून जीव विटला आहे. येत्या दिवाळीत राजीनामा देऊन पूर्णवेळ स्वतंत्र कामे घ्यावीत आणि उरलेल्या वेळात घरीच चित्रकलेचा रीतसर अभ्यास करावा, असा विचार आहे. व्हॅन गॉगनेही सत्ताविसाव्या वर्षीच सुरुवात केली होती. बाबा म्हणतात, नोकरी सोडली तर पोरगी कोण देईल. मी काय करावे? सोबत सहा चित्रांचे फोटो पाठवीत आहे. (नाव प्रसिद्ध करू नये.)

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

उत्तर आधी देतो आणि कारणे नंतर सांगतो. दिवाळीत राजीनामा देऊ नका. मार्चअखेरपर्यंत नोकरीत राहा, आणि त्या वेळीही दोन अटी पूर्ण झाल्या असतील तरच सोडा. त्या अटी कोणत्या, ते पुढे येईलच. चित्रकला सोडा, असे मात्र मी सांगणार नाही, कारण तुमची सहाही चित्रे मी नीट पाहिली आहेत आणि त्यांपैकी दोन चित्रांत पुढे नेण्याजोगे काहीतरी नक्की आहे.

तुम्ही एक प्रश्न विचारला आहे, पण त्यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. स्वतंत्रपणे कामे घेऊन पोट भरणे ही एक गोष्ट आहे आणि चित्रकला शिकणे ही दुसरी. नोकरी गेली की दोन्हींसाठी वेळ मोकळा होईल, असे तुम्ही धरून चालला आहात. वस्तुस्थिती बहुधा उलटी असते. वाढदिवसाच्या बॅनरचेच उदाहरण घ्या. रात्री आठ वाजता फोन येतो आणि बॅनर उद्या सकाळी चौकात लागलेला हवा असतो. मग व्हॉट्सॲपवर बारा-चौदा फोटो येतात, त्यांतले निम्मे अंधूक. वरच्या रांगेत कोणत्या नेत्याचा फोटो मोठा घ्यायचा आणि कोणाचा लहान, यावर तीनदा निरोप बदलतो. 'शुभेच्छुक' या शब्दाखालच्या यादीत एक नाव राहून गेले म्हणून अकरा वाजता पुन्हा फाइल उघडावी लागते. फ्लेक्सवाला छपाईचे पैसे रोख मोजून घेतो आणि तुमच्या हाती दोनशे-तीनशे रुपये पडतात, तेही बहुतेक वेळा 'पाहू ना भाऊ, पाठवतो' या बोलीवर. तीनशे रुपये धरले तरी आजच्या पगाराइतकी रक्कम उभी करण्यासाठी महिन्याला चौसष्ट बॅनर करावे लागतील, म्हणजे रोज दोनाहून अधिक. हे करणाऱ्या माणसाचा हात संगणकावर चांगलाच सराईत होतो, यात शंका नाही, पण मनुष्याकृतीचा तोल, प्रकाशाची दिशा किंवा रंगाची पट्टी यांतले काही त्याला त्या बॅनरमधून शिकायला मिळत नाही, आणि शिकण्यासाठी लागणारे ताजे डोळे रात्री अकरानंतर त्याच्यापाशी उरत नाहीत. पतसंस्थेतली तुमची नोकरी कंटाळवाणी असेल, पण शटर खाली ओढल्यावर ती तुमच्या डोक्यात शिरून बसत नाही. शिकणाऱ्या माणसाला ही सवलत फार मोलाची असते.

दुसरी बाब घराची आहे, आणि तुमच्या पत्रात ती एका ओळीत उरकली आहे. चार एकर कोरडवाहू शेती म्हणजे वर्षातून एकदा, कापूस आणि सोयाबीन विकल्यावर येणारा पैसा. मृग लागला की मात्र बियाणे, खत, डवरणी, निंदण, फवारणी असा खर्च लागोपाठ सुरू होतो, आणि पावसाने मध्येच दडी मारली तर दुबार पेरणीचा खर्च वेगळा. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत घरात येणारा एकमेव खात्रीचा पैसा तुमचा पगार आहे. त्या पगारामुळे तुमच्या बाबांना कृषी केंद्रातून चढ्या भावाने उधारीवर बियाणे उचलावे लागत नाही, आणि पीककर्जाची फेड मुदतीत होते. आपल्या राज्यात तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडले तर व्याज शून्यावर येते आणि मुदत चुकली की ती सवलत जाते, हे पतसंस्थेत बसणाऱ्या माणसाला मी सांगायला नको. स्वतंत्र चित्रकाराचे उत्पन्नही कोरडवाहूच असते : कधी एकदम येते, कधी दडी मारते, आणि आलेले केव्हा हाती पडेल याचा नेम नसतो. एका घरात एक उत्पन्न कोरडवाहू असले तर दुसऱ्याच्या ओलाव्यावर ते तग धरते. दोन्ही कोरडवाहू झाली की गुलाबी बोंडअळी आलेल्या वर्षी सगळे घर एकदमच उघड्यावर येते. तुमचे बाबा हे मुलगी मिळण्याच्या भाषेत बोलत आहेत, परंतु त्यांच्या धास्तीचे मूळ इथे असावे, असे मला वाटते.

व्हॅन गॉगचा दाखला तुम्ही दिला आहे, म्हणून त्याविषयी. १८८० साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी त्याने चित्रकार व्हायचे ठरविले, हे खरे आहे. पण त्या वेळेपासून १८९० मध्ये तो वारला तोपर्यंत त्याचा धाकटा भाऊ थिओ त्याला नियमाने पैसे पाठवीत होता आणि हा थिओ पॅरिसमधील चित्रविक्रीच्या एका नामांकित पेढीत पगारावर होता. म्हणजे त्या सगळ्या सूर्यफुलांच्या आणि शेतांच्या मागे दरमहा येणारा एक पगार उभा होता. तुमच्या घरात थिओची जागा तुम्ही स्वतःच सांभाळता आहात. त्याच कहाणीतली दुसरी गोष्ट मला अधिक उपयोगाची वाटते. सुरुवातीच्या काळात व्हॅन गॉगने शार्ल बार्ग या चित्रकाराने विद्यार्थ्यांसाठी तयार केलेले रेखाटनाचे पाठ घेतले आणि एकामागून एक, क्रमाने, पुन्हा पुन्हा उतरवून काढले. स्वयंशिक्षण म्हणजे मनाला येईल तो व्हिडिओ उघडणे, असे त्यानेही मानले नव्हते.

आपल्या जवळचा दाखला हवा असेल तर सय्यद हैदर रझा यांचा घ्या. मंडल्याच्या जंगलात बालपण गेलेला हा माणूस नागपूरच्या कलाशाळेत शिकला, आणि १९४३ च्या सुमारास मुंबईला गेल्यावर छपाईचे ब्लॉक बनविणाऱ्या एका स्टुडिओत दिवसा काम करून उरलेल्या वेळात शहराची दृश्ये रंगवीत राहिला. के. एच. आरा यांच्यापाशी तर कोणत्याही कलाशाळेचा कागद नव्हता. लोकांच्या घरी काम करून आणि गाड्या धुऊन त्यांनी चित्रे काढली, आणि १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या मुंबईतल्या नव्या वळणाच्या चित्रकारांच्या गटाच्या संस्थापकांत त्यांचे नाव आहे. पदवी नसल्याने चित्रकार होता येत नाही, या समजुतीचा निकाल एवढ्यावर लागावा.

आता तुमच्या चित्रांकडे वळतो. सहापैकी चार चित्रे मोबाईलमधील छायाचित्रांवरून केलेली आहेत, हे न सांगताही कळते. सिनेनटाच्या व्यक्तिचित्रात केसांवरची चमक अगदी बारकाईने आली आहे, पण मान खांद्यात कुठे रुतते याचा चित्र काढणाऱ्याला पत्ता नाही, कारण मूळ फोटोत तो भाग काळोखात गेलेला आहे. अशा चित्रांचे गावात कौतुक होते, फ्रेम करून भेटही दिली जाते, आणि नेमक्या त्या कौतुकामुळे शिकणे अडते. उरलेली दोन चित्रे प्रत्यक्ष पाहून काढलेली दिसतात : एक बैलबाजारातल्या जोडीचे आणि दुसरे कापूस वेचणाऱ्या बाईचे, बहुधा तुमच्या आईचे. या दुसऱ्या चित्रातली ओटी मी पुन्हा पुन्हा पाहिली. कमरेला बांधलेल्या त्या कापडाला खाली खेचणारे वजन, एका बाजूला गेलेला झोल आणि त्यामुळे बाईने दुसऱ्या बाजूला टाकलेला पाठीचा भार, हे फोटोवरून उतरविणाऱ्याला सहसा दिसत नाही. तुम्हाला दिसले आहे. त्याच बाईचे बोंडाकडे गेलेले हात मात्र निव्वळ रबराचे झाले आहेत. ओटीतल्या कापसाला वजन आहे आणि बोटांना हाडे नाहीत. बैलांच्या चित्रातही हेच झाले आहे : वशिंड आणि मान सुरेख, आणि खूर गवतात दडविलेले. जे काढता येत नाही ते गवतात दडविण्याची युक्ती शाळेपासून सर्वांनाच ठाऊक असते. चित्रकलेच्या परीक्षांचे कागद ज्यांनी तपासले आहेत, त्यांना तर ती फारच ठाऊक असते.

म्हणून मार्चपर्यंतचे आठ महिने तुम्ही फक्त दोन विषयांना द्यावेत : हात-पाय, आणि वस्तूवर पडणारा प्रकाश. सकाळी संस्थेत जाण्यापूर्वीचा एक तास घ्या, रात्रीचा नको. फोटोवरून एकही रेघ काढू नका. स्वतःचा डावा हात, आईचे भाकरी थापणारे हात, पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांचे काठीवर टेकलेले हात, असे रोज दहा-पंधरा मिनिटांचे एकेक रेखाटन करा आणि पानावर तारीख घाला. रबर वापरू नका. चुकलेली रेघ तशीच ठेवून शेजारी दुसरी ओढा, म्हणजे कुठे चुकते ते महिन्याभराने तुम्हालाच वाचता येईल. प्रकाशासाठी तांब्या, वांगे, लसणाचा गड्डा अशा वस्तू खिडकीशी ठेवून फक्त काळ्या पेन्सिलीने काढा. रंगाला इतक्यात हात लावला नाही तरी चालेल. महागड्या कागदाची गरज नाही. छापखान्यात उरणारा कोरा कागद वजनावर मिळाला तर उत्तमच, कारण कागद स्वस्त असला की हात धीट होतो.

आठवडी बाजारात बसून चित्रे काढण्याला पर्याय नाही, पण बाजारातली माणसे हलतात आणि नवशिक्याचा धीर सुटतो. त्यावर उपाय म्हणजे मूर्ती. लोणारचे दैत्यसूदन मंदिर तुमच्याकडून एका दिवसात जाऊन येण्याजोगे आहे; त्याच्या बाहेरच्या भिंतींवर मनुष्याकृतींच्या रांगा आहेत, आणि दगडाची माणसे तुम्ही सांगाल तितका वेळ एका जागी उभी राहतात. सकाळी एका मूर्तीचे रेखाटन करा आणि दुपारी उन्हाची दिशा बदलल्यावर त्याच मूर्तीचे पुन्हा करा. सावली आकार कसा घडविते, हे एका दिवसात जितके कळेल तितके पन्नास व्हिडिओंत कळणार नाही. बहिणीच्या किंवा संस्थेच्या कामाने नागपूरला जाणे झालेच तर १८६३ पासूनचे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, एकदा वहीसह पाहून या. अजिंठ्याला जाणार असाल तर सोमवार टाळा, त्या दिवशी लेणी बंद असतात. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या भित्तिचित्रासमोर उभे राहून केवळ त्याच्या हातातल्या कमळाकडे आणि ते धरणाऱ्या बोटांकडे पाहा. बाकीची लेणी राहिली तरी चालतील.

महाविद्यालयात जावे काय, याचा विचार तुमच्या मनात असणारच. शाळेत कलाशिक्षक व्हायचे असेल तर त्यासाठीची पदविका लागते आणि तिला पर्याय नाही. नागपूरला शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे. तिथल्या पदवीसाठी राज्याची प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि नंतर चार वर्षे पूर्णवेळ शिकावे लागते, जे बहिणीचे शिक्षण संपेपर्यंत तुमच्या घराला झेपणारे दिसत नाही. गिऱ्हाईक मात्र पदवी विचारत नाही, ते आधीची कामे दाखवा म्हणते. स्वयंशिक्षणात एकच मोठी उणीव राहते, ती म्हणजे चूक दाखविणारा माणूस नसणे. तालुक्यातल्या एखाद्या शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे सर शोधा आणि महिन्यातून एकदा वही घेऊन त्यांच्याकडे जा. अशी माणसे घरी रिकामी बसलेली असतात आणि शिकणारा कोणी आला तर चहा पाजून शिकवितात.

कामांविषयी. बॅनर आणि लग्नपत्रिका हळूहळू कमी करून ज्यांत रेखाटनाला मोल आहे अशी कामे मिळविण्याचा प्रयत्न आत्तापासून करा. महिला बचत गट पापड, मसाले, लोणची विकतात आणि त्यांच्या पाकिटांवर इंटरनेटवरून उचललेली चित्रे असतात. शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या डाळीच्या पिशव्यांचीही तीच गत आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागात झाडीपट्टीची नाटके दिवाळीनंतर सुरू होतात आणि होळीपर्यंत चालतात. वडसा हे तिथल्या नाटक कंपन्यांचे मोठे केंद्र असून प्रत्येक नाटकाला भित्तिपत्रक लागते. दिवाळी अंकांना आतील रेखाटने लागतात; मोबदला बेताचाच असतो, पण छापलेले पान पुढच्या संपादकाला दाखविता येते. शाळांच्या आणि अंगणवाड्यांच्या भिंती रंगविण्याची कामे गावोगावी निघतात, त्यांत हाताला मोठ्या आकाराची सवय होते, परंतु बिल निधी आल्यावरच निघते, आणि निधी कधी येईल हे सरपंचालाही सांगता येत नाही. असे काम घेताना रंगाचे पैसे तरी आधी घ्यावेत. संगणकासाठी कर्ज काढू नका. क्रिटा आणि इंकस्केप ही चित्रे काढण्याची सॉफ्टवेअर विनामूल्य आहेत आणि साधा पेन टॅब्लेट चार-पाच हजारांत येतो; तो पगार चालू असतानाच घेऊन ठेवा.

पैशाच्या व्यवहारात तुम्ही रोखपाल आहात याचा तुम्हाला इतर चित्रकारांपेक्षा मोठा फायदा आहे, आणि तो तुम्ही वापरताना दिसत नाही. निम्मी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय काम सुरू करू नये, दुरुस्त्या दोनदाच, तिसऱ्या दुरुस्तीचे पैसे वेगळे, आणि अंतिम फाइल बाकी रक्कम मिळाल्यावरच, एवढे चार ओळींत लिहून व्हॉट्सॲपवर पाठवावे आणि समोरच्याचे 'हो' आल्यावर पेन्सिल उचलावी. कंपन्यांशी काम करताना हक्कांचा प्रश्न येतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, मोबदला देऊन कोणी तुमच्याकडून चित्र किंवा व्यक्तिचित्र काढून घेतले आणि तुमच्यात वेगळा करार नसेल, तर त्या चित्राच्या हक्काचा पहिला मालक काम सांगणारा ठरतो. म्हणून एकाच पाकिटासाठी दिलेले चित्र पुढे दहा ठिकाणी छापले जाऊ नये असे वाटत असेल, तर ते आधीच लेखी ठरवावे लागते. हक्क देण्याचा करारही लेखीच हवा; त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे मानतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता मानतो. सरकारच्या संकेतस्थळावर उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची नोंदणी, विनामूल्य होते, ती करून घ्या. अशी नोंदणी असलेल्याचे पैसे खरेदीदार कंपनीने करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, आणि उशीर झाला तर व्याज लागते. मोठी कंपनी बिलातून दहा टक्के कर कापून घेईल. विवरणपत्र भरले की देणे लागत नसलेला कर परत मिळतो. वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटीची नोंदणी लागत नाही, आणि ती चिंता ज्या दिवशी पडेल त्या दिवशी मला पेढे पाठवा.

नोकरीत असताना बाहेरची कामे घेण्याला तुमच्या संस्थेच्या सेवानियमांत मनाई आहे काय, हे मात्र आजच पाहा आणि आवश्यक असेल तर लेखी परवानगी मागा. रोखपालाच्या खात्यात अनोळखी ठिकाणांहून लहानमोठ्या रकमा येऊ लागल्या की लेखापरीक्षक प्रश्न विचारतो, आणि त्याचे उत्तर फाइलमध्ये तयार असलेले बरे. चित्रांच्या पैशासाठी वेगळे खाते दुसऱ्या बँकेत उघडा.

आता मार्चच का, ते सांगतो. संस्थेत दहा किंवा अधिक कर्मचारी असतील, तर सलग पाच वर्षे पूर्ण झाल्यावर तुम्ही ग्रॅच्युइटीला, म्हणजे नोकरी सोडताना संस्थेकडून मिळणाऱ्या एकरकमी पैशाला, पात्र होता. तुम्हाला आठ महिने कमी आहेत. हिशेब सोपा आहे : शेवटचे मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, त्याला पंधराने गुणून सव्विसाने भागायचे आणि जितकी वर्षे झाली तितक्यांनी गुणायचे. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून दरमहा १५,६०० रुपये असतील असे समजा. तर वर्षाला ९,००० आणि पाच वर्षांचे ४५,००० रुपये होतात. दिवाळीत बाहेर पडून या पैशावर पाणी सोडण्याइतके तुमचे घर सधन नाही. शिवाय मार्चअखेर म्हणजे वसुलीचा आणि ताळेबंदाचा काळ. तो उरकून देऊन गेलेल्या माणसाविषयी संस्थेत चांगले बोलले जाते, आणि तालुक्याच्या गावात तुमची निम्मी गिऱ्हाइके त्याच संस्थेच्या सभासदांतून येणार आहेत.

अटी दोन. पहिली, मार्चपर्यंत एका वेगळ्या खात्यात इतकी रक्कम जमलेली असावी की तिच्यातून येत्या खरिपाचा पेरणीपासून फवारणीपर्यंतचा खर्च, बहिणीचे पुढच्या वर्षाचे शुल्क आणि खोलीभाडे, आणि तुम्ही घरात देता तो वाटा सहा महिन्यांपर्यंत भागेल. ग्रॅच्युइटी यात धरू नका, ती आजारपणासाठी बाजूला राहू द्या. दुसरी अट कामाच्या पैशाची. तुम्ही आषाढात पत्र लिहिले आहे, म्हणजे खेड्यात कोणाच्याच हातात पैसा नसतो असे तीन महिने समोर आहेत. या तीन महिन्यांत चित्रांतून प्रत्यक्ष हाती आलेली रक्कम वहीत लिहा. कबूल झालेली लिहू नका. लग्नसराईतल्या आणि कापूस विकला गेल्यानंतरच्या महिन्यांचा आकडा मोठाच असेल, त्यावर निर्णय घेऊ नका. मंदीच्या महिन्यांत सरासरीने आजच्या पगाराच्या एक तृतीयांश, म्हणजे सहा-साडेसहा हजार, आणि दिवाळी ते मार्च या काळात निदान निम्मे मिळाले, तर पूर्ण वेळ दिल्यावर ते वाढेल असे मानायला आधार आहे. तेवढे मिळाले नाही तर नोकरीत आणखी एक वर्ष काढा. अभ्यास त्या वर्षातही थांबणार नाही.

आठ महिने सकाळचा तास टिकला नाही, तर तेही एक उत्तरच समजावे. पगार चालू असताना रोज एक तास ज्याला स्वतःकडून काढता येत नाही, त्याला पगार थांबल्यावर आठ तास काढता येतील, यावर माझा विश्वास नाही. हे कठोर वाटेल, पण ते तुम्हाला बाबांच्या तोंडून ऐकावे लागण्यापेक्षा इथे वाचलेले बरे.

लग्नाविषयी बाबा जे म्हणतात ते खोटे नाही. आपल्या भागात शेती करणाऱ्या मुलाला आधीच स्थळे येत नाहीत, आणि पाहुणे पहिला प्रश्न नोकरीचाच विचारतात. पण नोकरी दाखवून लग्न करायचे आणि अक्षता पडल्यावर चार महिन्यांनी राजीनामा द्यायचा, हा मार्ग तुमच्या मनात डोकावला असेल तर तो तिथेच सोडा. ज्या मुलीशी बोलणी होतील तिला मार्चचा बेत, जमलेली रक्कम आणि वहीतले आकडे स्वतः दाखवा. काही स्थळे मोडतील. जी मुलगी आकडे पाहून प्रश्न विचारील, तिच्याशी पुढे बोलता येईल. बाबांनाही हीच वही दाखवा, आणि तीही पेरणीच्या धामधुमीत नको, पोळ्यानंतर जरा उसंत असते तेव्हा. त्यांना व्हॅन गॉग सांगू नका. खरिपाचा पैसा वेगळा ठेवला आहे, एवढेच आधी सांगा.

मार्चमध्ये दोन्ही अटी पूर्ण झाल्या, तर नियमाप्रमाणे सूचनापत्र देऊन बाहेर पडा. रोखीचा कार्यभार तिजोरीतल्या नोटांच्या तपशिलासह लेखी सोपवा आणि घेणाऱ्याची सही घ्या. रोखपालाने तोंडी कार्यभार सोडू नये. कार्यमुक्तीचे पत्र, अनुभवाचा दाखला आणि ना-देय प्रमाणपत्र त्याच आठवड्यात मागून घ्या, कारण वर्षभराने पुन्हा नोकरी धरावी लागली तर दुसरी संस्था प्रथम हेच कागद पाहील. भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीत नोकरी सोडल्याची तारीख संस्थेकडून भरली गेली आहे ना, ते ऑनलाइन तपासा. ग्रॅच्युइटीचा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. ती रक्कम देय झाल्यापासून तीस दिवसांत मिळायला हवी, आणि तोपर्यंत मिळाली नाही तर पहिले स्मरणपत्र एकतिसाव्या दिवशी टाका.